जन्मावरून गुन्हेगार

शिक्षा कृतीला व्हावी, कुळाला होऊं नये, हा न्यायाचा पहिला धडा होय. हिंदुस्थानांत कायद्याचें राज्य आणल्याचा अभिमान बाळगणाऱ्यांनींच तो धडा येथें ८१ वर्षें गुंडाळून ठेविला.

१८७१ सालीं, जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हे सरकारचे कायदेमंत्री असतां, गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, असा त्यामागील तर्क होता. तर्क परक्यांचा खरा. पण त्याला आधार आमच्याच जातिसंस्थेनें पुरविला, हें कबूल केलें पाहिजे. आरंभीं उत्तरेंत चालू झालेल्या ह्या कायद्याची व्याप्ति १९११ सालीं सबंध ब्रिटिश हिंदुस्थानभर करण्यांत आली. जमातीचें नांव एकदां सरकारनें जाहीर केलें कीं, तींतील माणसांची पोलिसांच्या वहींत नोंद होई, ठराविक वेळीं हजेरी द्यावी लागे, आणि परवान्यावांचून गांव सोडणें हाच अपराध ठरे. सोलापुरास तर कैकाडी, भामटे, पारधी इत्यादि जमातींचीं कुटुंबें तारेच्या कुंपणांत ठेविलीं होतीं.

१९४९ सालीं अनंतशयनम् अय्यंगार समिति नेमली गेली, आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं हा कायदा रद्द झाला. तेव्हांपासून ह्या जमातींस 'विमुक्त' म्हणतात. परंतु पाठोपाठ निरनिराळ्या प्रांतांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ सालीं झाला. त्यांची अक्षरें निर्दोष होतीं, कारण त्यांत जमातीचा नव्हे, व्यक्तीच्या पूर्वीच्या शिक्षांचा विचार होता. पण संशयाची नजर तीच राहिली. म्हणूनच विमुक्तांना मनमानीनें अटक होऊं नये, असें सर्वोच्च न्यायालयास ऑक्टोबर २०२४ मध्यें बजावावें लागलें.

येथें केवळ पोलिसांस दोष देऊन आम्हांस मोकळें होतां येणार नाहीं. 'भामटा' हें एका जमातीचें नांव. तें आपण ठकाला शिवी म्हणून घरांत, मुलांदेखत, सहज उच्चारतों. आळींत चोरी झाली कीं गांवाबाहेरच्या पालांकडे प्रथम बोट आपणच दाखवितों, आणि शिपाई त्या बोटाच्या रोखानें जातो. कायदा विधिमंडळानें रद्द केला. हें बोट आवरणें मात्र आमच्याच हातीं आहे.