नाव तेवढं माझं राहू द्या

जुलै १९७६, डॅलस. स्टॅटलर हिल्टन हॉटेलच्या मागच्या गल्लीत उभे राहा. स्वयंपाकघराच्या दारातून एक बाई बाहेर पडते आणि पळत सुटते. तोंड सुजलंय, पांढऱ्या सुटावर रक्त सांडलंय. तिच्यामागे तुम्हीही हायवे ओलांडा, पण जपून! ट्रक भोंगे वाजवत अंगावर येताहेत. पलीकडे रमाडा इनच्या काउंटरवर ती खोली मागते. वय ३६, जवळ ३६ सेंट आणि पेट्रोलचं एक कार्ड. मॅनेजर तिला ओळखतो आणि खोली देतो.

ही टीना टर्नर. १९५७पासून आयकच्या, म्हणजे पुढे नवरा झालेल्या माणसाच्या बँडमध्ये गातेय, ‘प्राउड मेरी’ या गाण्याने घराघरात पोचलीय, आणि त्याच नवऱ्याचा मार वर्षानुवर्षं सोसतेय.

१९७८. घटस्फोट होतो. पैशाअडक्यावर ती फार भांडत नाही. मागते ते नाव. जन्माची ती ॲना मे बुलक, ‘टीना टर्नर’ हे नाव आयकनेच ठेवलेलं. पण त्याच नावावर तिकिटं खपतात हे तिला पक्कं ठाऊक आहे. ती निघून गेल्याने रद्द झालेल्या कार्यक्रमांचं देणंही तिच्याच डोक्यावर येतं.

आता एखाद्या हॉटेलच्या बॉलरूममध्ये मागच्या टेबलावर बसा आणि घाई करू नका, कारण तिची कारकीर्द खरी इथे घडतेय. लोक जेवताहेत, काटे-चमचे वाजताहेत, अर्ध्यांची स्टेजकडे पाठ. दोन एकल अल्बम पडलेत, रेकॉर्ड कंपनी हातची गेलीय. तरीही ती पहिल्या सुरापासून भरल्या स्टेडियमसमोर असल्यासारखी गातेय. उंच टाचांवर तिचे पाय बघा, क्षणभर थांबत नाहीत. तिच्या या कष्टांना ‘पडता काळ’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. दुसरं कोणी असतं तर जुन्या नावावर वेळ मारून नेली असती.

रॉजर डेव्हिस हा ऑस्ट्रेलियन मॅनेजर येतो आणि झगमगते पोशाख, कॅबरेचा थाट काढून टाकतो. उरतं निखळ रॉक. १९८३च्या उंबरठ्यावर न्यूयॉर्कच्या रिट्झ क्लबमध्ये शिरा. तिच्याबद्दल उदासीन असलेल्या एका रेकॉर्ड कंपनीच्या साहेबांना गायक डेव्हिड बोवी तिथे ओढून आणतो: माझी आवडती गायिका ऐका!

मग लंडनचा स्टुडिओ. ‘व्हॉट्स लव्ह गॉट टू डू विथ इट’ हे गाणं तिला मुळीच आवडत नाही. हे असलं गुळगुळीत पॉप आपलं नव्हे, असं तिला वाटतं. निर्माता टेरी ब्रिटन तिच्या गळ्याला मानवेल असं ते बदलतो. ती गाते.

सप्टेंबर १९८४. सगळीकडे ‘पुनरागमन’ हाच शब्द. पण अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांची यादी नीट वाचा. ती ४४ वर्षांची आहे, पहिलं गाणं गाजून २४ वर्षं झालीत, आणि पहिला क्रमांक तिला आज, याच गाण्याने, पहिल्यांदाच मिळतोय.