तुकोबा, दुष्काळ आणि माझा फसलेला तक्ता

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी एक तक्ता केला होता. डावीकडे दुष्काळ, मध्ये देवाशी भांडण, उजवीकडे समाधान. खाली तुकोबांचे साठेक अभंग तीन रकान्यांत वाटून टाकलेले. मला तो भारी आवडला होता. गाइडनी दोन मिनिटं पाहिला आणि विचारलं, "यातल्या कुठल्या अभंगावर तारीख आहे?" एकावरही नव्हती. सहा महिन्यांचं काम गेलं. ते का गेलं ते सांगतो, म्हणजे तुमचं तरी वाचेल.

आधी जे पक्कं आहे ते. १६३० मध्ये गुजरात, खानदेश आणि दख्खनमध्ये पाऊस दगावला. त्याच वर्षी पीटर मंडी हा इंग्रज कंपनीचा माणूस सुरतेहून आग्र्याला निघाला. वाटेतली प्रेतं आणि ओस पडलेली गावं त्याने लिहून ठेवली आहेत. शाहजहानचा मुक्काम तेव्हा बुऱ्हाणपूरला होता. तिथे लंगर उघडल्याची आणि दर सोमवारी रुपये वाटल्याची नोंद बादशाहनाम्यात आहे. दुष्काळाची भीषणता या साधनांतून कळते, काळही कळतो. पण देहूत कोणाच्या घरी काय झालं, ते त्यांत नाही.

त्यासाठी तुकोबाच. एका अभंगात ते सांगतात की दुष्काळाने पैसा नेला, मान नेला, बायको उपाशी गेली, धंदा बसला, आपल्याला लाज वाटली. साल नाही. हा १६३० चाच दुष्काळ, हे आपण जुळवलेलं आहे. जुळणी मला योग्य वाटते, पण ती जुळणी आहे हे विसरायचं नाही. आणि हा अभंग दुःखाच्या ऐन भरात केलेला नाही. खरं तर बोलू नये, पण तुम्ही संतांनी विचारलंत म्हणून सांगतो, असं तेच त्यात म्हणतात. म्हणजे हे मागाहून, माणसांसमोर सांगितलेलं आयुष्य आहे. महिपतीचं चरित्र तर त्याहून कितीतरी उशिराचं. भक्तलीलामृत १७७४ चं.

आता गंमत बघा. दुसऱ्या एका अभंगात त्याच दुष्काळाचं नाव घेऊन तुकोबा देवाला म्हणतात की बरं झालं, दिवाळं निघालं ते बरं झालं. आणि तिसरीकडे ते थेट सांगून टाकतात की आपल्यापुरता देव मेला, आता त्याचं नावही घ्यायचं नाही.

हे तीन अभंग समोर आले की हात आपोआप क्रम लावायला जातो. आधी दुःख, मग नकार, शेवटी स्वीकार. मोठ्या माणसांनीही असा क्रम लावलाय. रा. द. रानडे यांनी १९३३ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तुकोबांचे अभंग अंधारातून उजेडाकडे अशा वाटेने मांडले. मांडणी सुंदर आहे. पण गाथेतला क्रम काही रचनेच्या काळाचा नाही, तिची हस्तलिखितंही एकमेकांशी जुळत नाहीत. मग अंधाराचे अभंग आधीचे कशावरून? तर ते अंधाराचे आहेत म्हणून. हा युक्तिवाद आपलीच शेपटी पकडतो. माझा तक्ता तर त्याची स्वस्त आवृत्ती होती.

माझं डोकं ताळ्यावर आलं ते आजीमुळे. माझा काका गेला त्या आठवड्यात तिने देवघरातला विठोबा भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. त्याच संध्याकाळी भेटायला आलेल्या बायकांना ती म्हणत होती, "बरं झालं बाई, सोडवलं देवानं त्याला." मध्ये चार तास गेले असतील. (हा सतराव्या शतकाचा पुरावा नाही, प्रकरणात घालायला जाऊ नका. मीही घातलेला नाही.) पण रकाने एका दिशेनेच भरत जातात, हे मी कुठून उचललं होतं, असा प्रश्न तिने माझ्यासमोर टाकला.

नव्या मसुद्यात काळाचा क्रम काढून टाकला. आता अभंग लावलेत ते कोणाशी बोललेत यावरून. हे अभंगातच दिसतं, बाहेरून आणावं लागत नाही. बायको गेल्याचं सांगितलंय संतांना. बरं झालं म्हटलंय देवाला. आणि देव मेला म्हणताना देवाला हाकच नाही, त्याच्याविषयी दुसऱ्या कोणाला तरी सांगितलंय. तो ऐकणारा कोण, हे अभंगात नाही. गेले दोन महिने मी त्याच रकान्यात अडकलोय.