बऱ्हाणपूर ते भेडामारा : हद्द ओलांडणाऱ्या विजेचा व्यवहार

भुसावळहून खंडव्याकडे जाणारी रेल्वे रावेर मागे टाकते आणि थोड्याच वेळात महाराष्ट्राची हद्द संपून मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्हा सुरू होतो. हद्दीच्या दोन्ही अंगांना तापीचे खोरे तेच आणि केळीच्या बागाही त्याच. या बागांचे पंप असोत वा बऱ्हाणपूर शहरातील यंत्रमाग, त्यांना मिळणारी वीज सेकंदाला ५० आवर्तनांच्या एकाच तालावर चालते. बदलते ते बिलावरचे कंपनीचे नाव आणि दर. शेजारी देशांमधील वीज जोडणी व वीज व्यापार समजून घेण्यासाठी ही राज्यांमधली हद्द उत्तम जागा आहे, कारण तारांची सीमा आणि व्यवहाराची सीमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे उघड दिसते.

गोमंतकीय वाचकाला बऱ्हाणपूर दूरचे वाटेल. वीजजाळ्याच्या नकाशावर मात्र ते शेजारी आहे. गोवा, महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि दादरा-नगर हवेली व दमण-दीव मिळून ‘पश्चिम क्षेत्र’ होते. त्याचे भारप्रेषण केंद्र मुंबईत आहे. गोव्याकडे स्वतःचे मोठे निर्मिती केंद्र नसल्याने येथील दिवे प्रामुख्याने बाहेरच्या विजेवर, म्हणजेच या जाळ्याच्या भरवशावर जळतात.

पूर्वी देशातील पाच क्षेत्रे वेगवेगळ्या तालावर चालत. १९९१ मध्ये पूर्व व ईशान्य क्षेत्रे समकालिक झाली, २००३ मध्ये पश्चिम आणि २००६ मध्ये उत्तर क्षेत्र त्यांना जोडले गेले. ३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर–रायचूर ही ७६५ केव्ही वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणही त्यात आली. समकालिक जोडणीचा अर्थ असा की, सगळी जनित्रे एकाच तालावर फिरतात. कोठेही एखादे केंद्र अचानक बंद पडले तर तूट सर्वजण मिळून पेलतात. पण धक्काही सर्वांपर्यंत पोहोचतो.

हा धक्का किती मोठा असू शकतो, ते जुलै २०१२ मध्ये दिसले. उत्तरेकडील राज्ये ठरल्यापेक्षा अधिक वीज ओढत होती आणि पश्चिम क्षेत्रात ती शिल्लक होती. काही वाहिन्या दुरुस्ती वा क्षमतावाढीसाठी बंद असल्याने बीना–ग्वाल्हेर या मध्य प्रदेशातील ४०० केव्ही वाहिनीवर असह्य भार आला आणि ३० जुलैच्या पहाटे ती तुटली. उत्तर क्षेत्र अंधारात गेले. दुसऱ्याच दिवशी दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तीनही क्षेत्रे कोसळली. सुमारे ६० कोटी लोकांना त्याची झळ बसली. पश्चिम क्षेत्र मात्र वेळीच वेगळे पडल्यामुळे तगले.

शेजारी देशांशी जोडणी करताना म्हणूनच पहिला प्रश्न पडतो तो तारांचा नव्हे, तालाचा. भूतान भारताशी समकालिक आहे. भारताच्या अर्थसाहाय्याने उभारलेल्या छुखा (३३६ मेगावॅट), ताला (१,०२० मेगावॅट) आणि मांगदेछू (७२० मेगावॅट) या जलविद्युत केंद्रांची वीज भारतात येते व भूतानच्या महसुलाचा मोठा आधार बनते. नेपाळही मुझफ्फरपूर–ढल्केबर वाहिनीने प्रत्यावर्ती प्रवाहावरच जोडलेला आहे. बांगलादेशाच्या बाबतीत वेगळा मार्ग निवडला गेला. पश्चिम बंगालमधील बहरमपूरहून गेलेली वाहिनी पलीकडे भेडामारा येथे एका विशेष केंद्रात पोहोचते. तेथे प्रत्यावर्ती प्रवाहाचे एकदिश प्रवाहात आणि लगेच पुन्हा प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर होते. त्यामुळे वीज पलीकडे जाते, पण दोन्ही जाळ्यांचा ताल परस्परांत मिसळत नाही. ५०० मेगावॅट क्षमतेचे हे केंद्र २०१३ मध्ये सुरू झाले आणि २०१८ मध्ये ते १,००० मेगावॅटचे झाले. यंत्रणा महागडी खरी, पण एका देशाचा अंधार दुसऱ्याच्या घरात शिरू नये, याची ती किंमत आहे.

व्यापाराचे मूळ निसर्गात आहे. पावसाळ्यात हिमालयातील नद्या दुथडी वाहतात आणि नेपाळकडे वीज शिल्लक उरते. हिवाळ्यात तेथील नद्या रोडावतात आणि त्याला भारताकडून वीज घ्यावी लागते. एप्रिल २०२१ पासून नेपाळला भारतीय वीज विनिमय बाजारात खरेदीची, तर त्याच वर्षाच्या अखेरीस विक्रीचीही मुभा मिळाली. या बाजारात दुसऱ्या दिवसाच्या २४ तासांचे पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून प्रत्येक भागाचा भाव बोलीने ठरतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी काठमांडूत झालेल्या त्रिपक्षीय करारानुसार नेपाळची ४० मेगावॅट वीज भारतीय तारांवरून बांगलादेशाला जाऊ लागली. आकडा किरकोळ आहे. महत्त्व आहे ते तिसऱ्या देशाच्या तारा वापरण्याच्या मान्यतेला.

अर्थात ही मान्यता राजकारणातून सुटलेली नाही. भारताशी भूसीमा असलेल्या, पण वीज सहकार्याचा करार नसलेल्या देशाची गुंतवणूक ज्या प्रकल्पात आहे, त्याची वीज भारतीय नियमांमुळे येथे विकता येत नाही. हा रोख चीनकडे आहे आणि त्याचा फटका नेपाळमधील काही प्रकल्पांना बसतो. झारखंडमधील गोड्डा येथील १,६०० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प केवळ बांगलादेशासाठी उभारला गेला. थकबाकीवरून २०२४ च्या उत्तरार्धात तेथून होणारा पुरवठा घटला. खरेदीदार एकच असेल तर विक्रेताही अडचणीत येतो. त्या ऑगस्टमध्ये भारत सरकारने नियम बदलून अशा प्रकल्पांना देशांतर्गत जाळ्याशी जोडून घेण्याची वाट मोकळी केली.

वाटणीचा जुना आणि बाजाराशिवायचा नमुना बऱ्हाणपूरच्या उत्तरेस, नर्मदेवर आहे. सरदार सरोवर धरण गुजरातेत. पण १९७९ च्या नर्मदा लवादाच्या निवाड्याने त्याच्या विजेतील ५७ टक्के वाटा मध्य प्रदेशास, २७ टक्के महाराष्ट्रास आणि १६ टक्के गुजरातेस दिला. भाव नव्हे, तर नदीवरील हक्क आणि खर्चातील भागीदारी हा त्याचा पाया. जमीन बुडाली ती मात्र प्रामुख्याने मध्य प्रदेशातील धार-बडवानीच्या आणि महाराष्ट्रातील नंदुरबारच्या गावांची, आणि त्या गावांचे पुनर्वसन हा वाद विजेच्या वाटणीपेक्षा कितीतरी लांबला.

गोव्यात हाच प्रश्न तम्नार प्रकल्पाच्या रूपाने आला. शेल्डे येथील ४०० केव्ही उपकेंद्राकडे कर्नाटकातून येणारी वाहिनी मोलेच्या जंगलातून न्यावी की नाही, यावर मोठे आंदोलन झाले. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने नव्याने जंगल न तोडता जुन्या वाहिनीच्या पट्ट्यातूनच ती न्यावी, अशी शिफारस केली.

तारा जोडल्या गेल्या तरी दर जोडले जात नाहीत. बऱ्हाणपूरच्या मागवाल्याचा दर भोपाळमधील नियामक आयोग ठरवतो, रावेरच्या केळी बागायतदाराचा मुंबईतील. गोव्याचा दर ठरवणारा संयुक्त आयोग तर केंद्रशासित प्रदेशांसह काम पाहतो आणि त्याचे कार्यालय हरियाणातील गुरुग्राम येथे आहे.