बसचा जिना आणि कंबरेचे माप

लंडनच्या दुमजली बसचा चालक दिवसभर बसून असे. वाहक मात्र रोज ५०० हून अधिक पायऱ्या चढे. वाहकांना हृदयविकार कमी होतो, असे जेरी मॉरिस व सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये दाखवले. १९५६ मध्ये त्यांनी गणवेशांची मापे मांडली. चालकांच्या विजारी कंबरेत मोठ्या होत्या! जिना चढल्याने वजन आटोक्यात राहते, असे आपण लगेच म्हणू. पण तरुण चालकांचे मापही वाहकांपेक्षा मोठेच निघाले. मग बैठ्या कामाने शरीर सुटले, की मुळात स्थूल असलेलेच चालक झाले? रोज जिना चढणे हिताचेच. पण या प्रश्नाच्या उत्तरासाठी कोणत्या नोंदी हव्यात, हे आपण वर्गात विचारून पाहू या.