दाढीचा साबण, ओतीव (घरगुती)

तयार ग्लिसरीन-साबणाची लादी वितळवून साच्यात ओतलेली वडी. कॉस्टिक सोडा हाताळावा लागत नाही, म्हणून घरी निर्धास्त जमते. लादीचे तुकडे गरम पाण्यावरच्या भांड्यात मंद आचेवर वितळवावेत. उकळी येऊ देऊ नये. ग्लिसरीनमध्ये कालवलेली चमचाभर केओलिन माती घातली की पाते सुरेख घसरते. रंगीत थरांसाठी पहिल्या थरावर साय धरताच दुसरा ओततात.

साबणाला मोहाचे तेलही चालते; भंडारा जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यात मोह विपुल. त्याच्या बियांच्या तेलात पामिटिक व स्टिअरिक आम्ले भरपूर असल्याने त्यापासून मुळात बनवलेला साबण घट्ट होतो, फेस टिकतो. मात्र वितळलेल्या लादीत हे तेल वरून ओतणे चूक; फेस मरतो. ग्लिसरीन ओल ओढते. पावसाळ्यात वडी गुंडाळूनच ठेवावी.