कोल्ह्यासाठी कोणती गोळी?

दापोली तालुक्यातील आंजर्ले हे गाव कड्यावरच्या गणपतीमुळे सर्वांना परिचित आहे. अलीकडे शाळांच्या सहली तेथे आणखी एका कारणाने जातात. थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या रात्री या किनाऱ्यावर येतात, वाळूत सुमारे दीड फूट खोल खड्डा करून शंभरएक अंडी घालतात आणि समुद्रात परत जातात. अंडी उबायला साधारण दीड ते दोन महिने लागतात. एवढ्या काळात त्यांचा वास कोल्ह्याला लागला, तर एका रात्रीत घरटे संपते. ही माहिती ऐकल्यावर विद्यार्थ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो : ‘मग कोल्ह्यांना गोळी का घालत नाहीत?’

हा प्रश्न निर्दयपणाचा म्हणून उडवून लावू नये. जगात काही ठिकाणी याचे उत्तर खरोखरच बंदुकीने दिले गेले आहे. ऑस्ट्रेलियात एकोणिसाव्या शतकात इंग्रज वसाहतकऱ्यांनी शिकारीच्या हौसेपायी युरोपातील तांबडा कोल्हा नेऊन सोडला. पुढे तो पूर्व किनाऱ्यावरील कासवांची अंडी फस्त करू लागला, तेव्हा विषारी आमिषे आणि रात्रीची शिकार असे दोन्ही उपाय योजावे लागले. तेव्हा आपणही हा प्रश्न गंभीरपणे घेऊ आणि विचारू : कोल्ह्यासाठी गोळी निवडायचीच, तर कोणती?

आधी नावाचा घोळ दूर करू. द्राक्षे आंबट म्हणणारा गोष्टीतला कोल्हा हा मुळात युरोपातील प्राणी. आपल्याकडे ‘कोल्हा’ म्हणतात तो लांडग्या-कुत्र्यांच्या कुळातला, त्याहून मोठा, आठ-दहा किलो वजनाचा प्राणी. युरोपातील कोल्ह्याचा खरा भारतीय भाऊबंद म्हणजे माळरानावरचे खोकड. भारतात आलेल्या इंग्रजांना मायदेशीच्या शिकारीची आठवण होई, तेव्हा ते कुत्र्यांचे कळप घेऊन याच कोल्ह्यामागे घोडे पिटाळीत. उटकमंडची ही शिकार प्रसिद्ध होती.

आता बंदुकीकडे वळू. जुन्या बंदुकांची नळी आतून गुळगुळीत असे. तिचे माप सांगण्याची रीत मोठी गमतीची आहे. ‘बारा बोअर’ म्हणजे नळीत नेमक्या बसणाऱ्या शिशाच्या गोळ्या एका पौंडात बारा भरतात. हे वर्गात पडताळता येईल. एक पौंड म्हणजे ४५३.६ ग्रॅम, एक गोळी ३७.८ ग्रॅमची. शिशाची घनता ११.३४ धरली तर तिचे घनफळ ३.३३ घन सेंटिमीटर आणि व्यास १८.५ मिलिमीटर येतो. बारा बोअरच्या नळीचा व्यास तेवढाच असतो.

रायफलीच्या नळीत पेचदार खाचा असतात. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत, भोवऱ्याप्रमाणे स्थिर राहून लांब जाते. तिचे माप मात्र व्यासात, म्हणजे कॅलिबरमध्ये, सांगतात. पॉइंट बावीस (.२२) म्हणजे इंचाचा शेकडा बावीसावा भाग, सुमारे साडेपाच मिलिमीटर. येथेच अनेकांची फसगत होते. व्यासावरून गोळीचे सामर्थ्य कळत नाही. १८८७ साली अमेरिकेत आलेले .२२ लाँग रायफल हे काडतूस २.६ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगाने फेकते. १९६४ साली आलेल्या .२२३ रेमिंग्टनची गोळी जवळपास त्याच व्यासाची, ३.६ ग्रॅमची; पण तिचा वेग सुमारे ९८० मीटर असतो. गतिज ऊर्जेचे सूत्र लावले तर पहिलीची ऊर्जा १४० जूल भरते आणि दुसरीची १७०० जुलांहून अधिक. वस्तुमान दीडपटही वाढले नाही, ऊर्जा बारापट झाली. सूत्रातील वेगाच्या वर्गाचा हा प्रताप.

रात्री हा वेग आणखी एका कारणाने महत्त्वाचा ठरतो. अंधारात जनावराचे फक्त डोळे चमकतात. ते ऐंशी मीटरवर आहे की सव्वाशे, याचा अंदाज चुकतो. गोळी नळीतून सुटताच गुरुत्वाकर्षणाने खाली येऊ लागते. हवेचा रोध सोडून दिला, तर १०० मीटर जाईपर्यंत संथ गोळी ४५ सेंटिमीटर खाली येते, वेगवान गोळी फक्त ५. संथ गोळीने अंतराचा अंदाज चुकला की नेम पोटाखालून तरी जाणार किंवा जनावराला जखमी करून सोडणार. म्हणूनच ज्या देशांत कोल्ह्यांची शिकार चालते, तेथील अनुभवी शिकारी लहान व्यासाची, हलकी आणि अतिवेगवान गोळी पसंत करतात.

नुसता वेगही पुरत नाही. गोळीची घडणही पाहावी लागते. या घडणीच्या इतिहासातील एक प्रकरण आपल्याच देशात घडले. १८८८ पासून ब्रिटिश सैन्याने .३०३ रायफल स्वीकारली. तिची गोळी धातूच्या अखंड कवचात असे. वायव्य सरहद्दीवरील लढायांत तक्रार आली, की ही गोळी माणसाच्या आरपार जाते, पण त्याला थांबवीत नाही. कलकत्त्याजवळील दमदम येथील शस्त्रागारात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी गोळीच्या टोकावरील कवच काढून शिसे उघडे ठेवले. अशी गोळी शरीरात शिरताच पसरे आणि भीषण जखम करी. १८९९ च्या हेग परिषदेने अशा गोळ्या युद्धात वापरण्यास मनाई केली. शिकारीत मात्र नेमकी हीच पसरणारी गोळी योग्य मानतात, कारण जनावर तत्काळ मरते, जखमी होऊन तडफडत नाही. युद्धात जी दुःख वाढवते म्हणून निषिद्ध, तीच शिकारीत दुःख कमी करते म्हणून ग्राह्य!

मग कोकणातल्या शेतकऱ्याने हीच गोळी निवडायची का? निवड त्याच्या हाती कधी नव्हतीच. १८७८ च्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसाला परवान्यावाचून बंदूक बाळगणे बंद केले. सरकारी काडतुसे चोरीस जाऊन प्रजेच्या बंदुकीत जाऊ नयेत, म्हणून लष्करी मापाच्या रायफली खाजगी हाती देण्यावर निर्बंध आले. त्यातूनच .३०३ ऐवजी .३१५ हे वेगळे माप भारतात रूढ झाले. स्वातंत्र्यानंतरही हे माप टिकले. १९५९ च्या शस्त्रकायद्यात पीकसंरक्षणासाठी उल्लेख आहे तो ठासणीच्या बंदुकीचा. संरक्षण किंवा शिकारीसाठी गुळगुळीत नळीची बंदूक सांगितली आहे; तिची नळी किमान वीस इंच हवी. थोडक्यात, रानडुकरांपासून भात राखणाऱ्याच्या हाती आली ती छर्ऱ्यांची बंदूक. तिचा परिणामकारक पल्ला पस्तीस-चाळीस मीटर. कोल्हा एवढ्या जवळ येऊ देत नाही. आणि लांबून मारलेले छर्रे त्याला बहुधा मारीत नाहीत, घायाळ करतात.

समजा, कायद्याची अडचण नाही आणि हाती उत्तम रायफल आहे. तरीही आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर उभे राहून विचार करावा. रायफल झाडण्याचा पहिला नियम असा, की जनावराच्या मागे गोळी अडवणारा मातीचा बांध हवा. येथे एका बाजूला समुद्र आणि त्यावर रात्री मासेमारीसाठी निघालेल्या होड्या. दुसऱ्या बाजूला सुरूची झाडे आणि त्यांमागे वस्ती. साधी .२२ ची गोळीसुद्धा दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. पाण्यावर तिरका फेकलेला चपटा दगड जसा टप्पे घेत जातो, तशीच शिशाची संथ गोळी ओल्या वाळूवरून किंवा पाण्यावरून उसळते आणि कोठे जाईल याचा नेम राहत नाही. वेगवान, पातळ कवचाची गोळी आपटताच फुटते, म्हणून तुलनेने बरी. पण नेम हुकून वर गेली तर तीही लांबवर जाते.

त्याहून मोठी अडचण प्रकाशाची आहे. रात्री कोल्हा दिसण्यासाठी प्रखर दिवा फिरवावा लागतो. प्रकाशाने बिचकून कासवाची मादी अंडी न घालताच परत फिरते. पिल्ले तर उजेडाच्या दिशेने चालतात. समुद्रावरचे आकाश किनाऱ्यापेक्षा उजळ असते, त्या खुणेने ती पाण्याकडे जातात. दिवा लावला की ती वाट चुकणार. म्हणजे ज्यांच्या रक्षणासाठी बंदूक आणली, त्यांनाच तिचा दिवा मारक. शिवाय एक कोल्हा मारला की त्याची मोकळी जागा शेजारचा दुसरा घेतो. ऑस्ट्रेलियात कोल्हा परका होता. येथे तो किनाऱ्याइतकाच जुना रहिवासी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कासवाप्रमाणे त्यालाही संरक्षण दिले आहे.

यावर कोकणात जो उपाय निघाला, त्यात गोळीच नाही. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२ साली वेळास येथे कासवसंरक्षणाचे काम सुरू केले आणि पुढील वर्षांत ते आंजर्ल्यासह इतर गावांत पोचले. गावचेच कासवमित्र पहाटेपूर्वी किनाऱ्यावर फिरतात, मादीच्या वाळूतील खुणांवरून घरटे शोधतात, अंडी शक्य तितक्या लवकर उचलून जाळीच्या कुंपणातील तशाच खोलीच्या खड्ड्यात ठेवतात आणि पिल्ले बाहेर आली की समुद्रात सोडतात. या उपायाने कोल्हा तर अडलाच, पण अंडी चोरणारा माणूसही अडला. माणसावर कोणत्या मापाची गोळी झाडणार होतो आपण? २०२२ च्या जानेवारीत आंजर्ल्याच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारे यंत्र बसवण्यात आले. तिचे नाव सावनी.

कुंपणालाही किंमत मोजावी लागते. अंडी हलवताना उलटीसुलटी झाली तर आतील गर्भ दगावतो. वाळूच्या तापमानावर पिल्लू नर होणार की मादी हे ठरते, म्हणून खड्ड्याची जागा विचारपूर्वक निवडावी लागते. येथेही मापे आहेत आणि तीही चुकू शकतात. पण येथली चूक पुढच्या हंगामात सुधारता येते.

विद्यार्थ्याने विचारले, तर त्याला गणित जरूर करू द्यावे. वेग, ऊर्जा, पल्ला, उसळी, उजेड, सारे मांडून झाले की फळ्यावर उत्तर म्हणून कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी उरेल. ते उत्तर त्याचे स्वतःचे असेल.