चेस्लिन कोल्बी: देश सोडला आणि मग देशाची जर्सी मिळाली

रग्बी म्हटलं की शंभर किलोच्या वरचे धिप्पाड गडी डोळ्यांसमोर येतात. चेस्लिन कोल्बी त्यात बसतच नाही. उंची जेमतेम पाच फूट सात-आठ इंच. तरी त्याच्याकडे दोन वर्ल्ड कप आहेत. आणि गंमत म्हणजे, दक्षिण आफ्रिकेच्या मुख्य संघात, म्हणजे स्प्रिंगबॉक्समध्ये, त्याला संधी मिळाली ती तो फ्रान्सला निघून गेल्यावर!

कोल्बीचा जन्म 1993 चा, केप टाउनच्या क्राइफोंटेन उपनगरातला. 400 मीटर धावण्यात 43.03 सेकंदांचा विश्वविक्रम करणारा वेड व्हॅन नीकर्क हा त्याचा नात्यातला भाऊ. वेडने हा विक्रम 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये केला, तिथेच कोल्बीने सात जणांच्या रग्बीत कांस्यपदक जिंकलं.

पण पंधरा जणांच्या रग्बीत घोडं अडलं. केप टाउनच्या स्टॉर्मर्सकडून तो चांगला खेळत होता, तरी एवढ्या लहान चणीचा खेळाडू कसोटीत टिकेल का, ही शंका काही संपेना. 2017 मध्ये तो फ्रान्सच्या तुलूझ क्लबमध्ये गेला. त्या वेळी हा निर्णय म्हणजे देशासाठी खेळण्याच्या स्वप्नावर पाणी सोडणंच होतं. कारण परदेशी क्लबकडून खेळणाऱ्याच्या नावावर किमान 30 कसोटी सामने असतील तरच त्याची निवड होईल, असा तिथे नियम होता. कोल्बीच्या नावावर होते शून्य.

2018 मध्ये रासी इरॅस्मस मुख्य प्रशिक्षक झाले आणि ही अट शिथिल झाली, पुढे रद्दच झाली. फ्रान्सचे क्लब युरोमध्ये पैसे देतात, रँडमध्ये त्यांची बरोबरी करणं अवघड. मग चांगल्या खेळाडूंना गमावण्यात काय अर्थ? (न्यूझीलंड मात्र परदेशात खेळणाऱ्यांना सहसा घेत नाही.)

सप्टेंबर 2018 मध्ये कोल्बीने ऑस्ट्रेलियाविरुद्ध पदार्पण केलं. पुढच्याच आठवड्यात वेलिंग्टनमध्ये न्यूझीलंडचा पास हवेतच पकडून ट्राय मारला. तो सामना आफ्रिकेने 36-34 असा जिंकला. 2019 च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये इंग्लंडच्या ओवेन फॅरेलला चकवून मारलेला त्याचा ट्राय तर तुम्ही रील्समध्ये पाहिलाही असेल. दरम्यान तुलूझसाठी 2019 आणि 2021 मध्ये फ्रेंच लीग, 2021 मध्येच युरोपियन चॅम्पियन्स कप. त्यानंतर तो तुलाँ क्लबकडे गेला.

2023 चा वर्ल्ड कप फ्रान्समध्येच होता. क्वार्टर फायनलमध्ये समोर यजमान. ट्रायनंतर दोन गुणांसाठी जी किक मारतात, ती म्हणजे कन्व्हर्जन. किकर हलला की बचाव करणाऱ्यांना धावायची मुभा असते, पण बहुतेक जण उपचार म्हणून धावतात. कोल्बी जीव तोडून धावला आणि थॉमस रामोसची किक त्याने अडवली. हा रामोस तुलूझमधला त्याचा जुना सहकारी. सामन्याचा निकाल: 29-28. एका गुणाने आफ्रिका!

फायनल होती 28 ऑक्टोबरला, त्याच्या तिसाव्या वाढदिवशी. शेवटची सात-आठ मिनिटं उरली असताना यलो कार्ड मिळालं आणि तो जर्सीने तोंड झाकून बाहेर बसून राहिला. चौदा जणांनी न्यूझीलंडला 12-11 असं रोखलं.

त्या वर्ल्ड कपनंतर तो जपानच्या टोकियो सनगोलियाथकडे गेला. तिथून येऊन 2024 ची रग्बी चॅम्पियनशिप जिंकणाऱ्या आफ्रिकन संघातही तो होता.